अडकणारे बोट

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे गाव लागते. मराठी वाचकाच्या कानावर ते नाव क्वचितच आलेले असेल. तरीही त्याचा आपल्याशी जुना संबंध आहे. तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या स्मरणार्थ १८०२ च्या सुमारास येथे एक छत्र उभारले. छत्र म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. पण सरफोजींच्या काळातील छत्रांचे स्वरूप केवळ अन्न आणि निवारा एवढेच नव्हते. छत्रांत अध्यापक नेमलेले असत, तसेच वैद्यही असत. आपल्या घराण्याच्या छत्रांविषयी राजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंटास जे पत्र लिहिले, त्यात व्याधी, सूज आणि सर्पविष यांवर उपचार करणाऱ्या वैद्यांचा उल्लेख आहे. राजांना स्वतःलाही वैद्यकाची आवड होती. नेत्ररोग्यांची त्यांच्या काळातील टिपणे व डोळ्यांची चित्रे आजही तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जतन केलेली आहेत.

ज्या गावात पायी आलेल्या वाटसरूची सूजसुद्धा वैद्याने पाहावी अशी व्यवस्था होती, त्या गावापासून एका किरकोळ समजल्या जाणाऱ्या दुखण्याच्या विवेचनास आरंभ करणे अनुचित होणार नाही. हे दुखणे म्हणजे वाकलेले बोट सरळ न होणे. सकाळी उठल्यावर मूठ उघडावी, तर चार बोटे उघडतात आणि एक तसेच वाकलेले राहते. जोर केला किंवा दुसऱ्या हाताने ओढले, की ते 'कट्' असा आवाज होऊन एकदम सुटते. इंग्रजीत याला 'ट्रिगर फिंगर' म्हणतात. बंदुकीचा चाप दाबताना प्रथम अडथळा लागतो आणि मग तो एकाएकी सुटतो, त्यावरून हे नाव पडले. 'चापाचे बोट' असा शब्दशः अनुवाद करता आला असता. परंतु ज्यांनी बंदूक हाती धरलेली नाही अशांनाच हे दुखणे बहुधा होते, म्हणून येथे 'अडकणारे बोट' हा साधा शब्द पत्करला आहे. तमिळ भाषेत बोटाला 'विरल' म्हणतात. मराठी कानाला त्यात 'विरळ' ऐकू येईल, पण हे दुखणे मात्र विरळ नाही. सर्वसाधारण माणसांपैकी शेकडा दोन ते तिघांना ते आयुष्यात केव्हातरी होते, आणि मधुमेह असणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा दहाच्या आसपास जाते.

ओरत्तनाडुच्या परिसरात मेट्टूर प्रकल्पाच्या काळात झालेल्या कल्लणै कालव्याचे पाणी येते. त्यामुळे येथे भाताची शेती आहे, नारळाच्या बागा आहेत, आणि त्या दोन्हींच्या पाठीमागे हातांचे काम आहे. रोपे उपटून त्यांच्या जुड्या बांधणे, चिखलात ती एकेक रोवणे, विळ्याने तण काढणे, नारळ सोलणे, झावळ्या विणणे, या प्रत्येक कामात बोटे मिटलेली आणि ताणलेली राहतात. कापणीचा मोठा भाग आता यंत्रांकडे गेला असला, तरी विळा घरातून गेलेला नाही. अशा घरातील पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या स्त्रीचे उजव्या हाताचे बोट अडकू लागले, तर तिच्यापुढचा प्रश्न केवळ वेदनेचा नसतो. लावणीच्या ऐन दिवसांत ती कामावर जाऊ शकेल की नाही, हा तो प्रश्न असतो. दुखणे जिवावरचे नाही म्हणून ते लहान, असे म्हणणाऱ्यांनी रोजंदारीचा हिशेब मांडलेला नसतो.

आता बोट वाकते कसे, ते पाहू. आपल्या बोटांत, म्हणजे पेरांच्या भागात, बोट मिटवणारा एकही स्नायू नाही. हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटते. बोट मिटवणारे बळकट स्नायू कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि तेथून पांढऱ्या, चिवट दोऱ्यांसारखे बंध निघून मनगटातून तळहातात आणि तेथून बोटांत जातात. या बंधांना कंडरा म्हणतात. शब्द जुना आहे. सुश्रुताने शरीरात सोळा कंडरा सांगितल्या असून त्यांपैकी चार हातांत असल्याचे म्हटले आहे. व्यवहारात मात्र आपण 'शीर' किंवा 'नस' म्हणतो आणि रक्तवाहिनी, मज्जातंतू व कंडरा या तिन्ही निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात गुंडाळतो. हा केवळ भाषेचा ढिसाळपणा असता तर त्याची चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण त्यातून उपचारही चुकतात, हे पुढे दिसून येईल.

कंडरा बोटाच्या हाडाला लगटून राहावी म्हणून निसर्गाने तिच्यावर एक नळीसारखे आवरण घातले आहे, आणि त्या आवरणावर ठिकठिकाणी पट्ट्यासारखी कडी बसवली आहेत. अशी वलयाकार कडी चार बोटांत प्रत्येकी पाच असतात. त्यांच्या अधूनमधून फुलीच्या आकाराचे पातळ पट्टे असतात. अंगठ्याची रचना थोडी वेगळी आहे. या कड्यांना शरीरशास्त्रात कप्प्या म्हटले जाते, आणि ज्याने विहिरीवरची मोट पाहिली आहे त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही. नाडा चाकावरून निसटला तर मोट वर येत नाही. तसेच कड्या नसत्या तर स्नायूने ओढताच कंडरा धनुष्याच्या दोरीसारखी हाडापासून सुटून ताणली गेली असती आणि बोट पुरते मिटलेच नसते. कंडरा आणि आवरण यांच्यामध्ये अल्प प्रमाणात बुळबुळीत द्रव असतो. त्याच्या वंगणामुळे कंडरा दिवसातून हजारो वेळा पुढेमागे सरकूनही झिजत नाही.

दुखणे सुरू होते ते पहिल्या कड्यापाशी. हे कडे बोटात नसून तळहातात, बोटाच्या मुळाच्या सांध्यासमोर असते. मूठ आवळली असता सर्वाधिक दाब याच ठिकाणी पडतो. कालांतराने ते कडे जाड होते आणि त्यातील वाट अरुंद होते. पलीकडे कंडराही घासून घासून एका जागी फुगते व तिच्यावर वाटाण्याएवढी गाठ जाणवू लागते. फ्रेंच शल्यवैद्य आल्फोन्स नोटा यांनी १८५० मध्ये या गाठीचे वर्णन केले. त्यांचे नाव आजही तिला चिकटलेले आहे. बोट मिटताना अग्रबाहूतील बलवान स्नायू ही गाठ कड्यातून ओढून मागे, तळहाताकडे नेतात. उघडताना मात्र ती कड्याच्या तोंडाशी येऊन थांबते. कारण बोट उघडणारे स्नायू तुलनेने दुबळे आहेत. सुईच्या नेढ्यातून ओवलेल्या दोऱ्याला गाठ असावी, तसे हे होते. जोर वाढला की गाठ एकदम पार होते आणि बोट झटक्याने सरळ होते.

येथे एक फसवी गोष्ट आहे. झटका जाणवतो तो बोटाच्या मधल्या सांध्यात, म्हणून रुग्ण दुखण्याची जागा म्हणून तोच सांधा दाखवतो. वास्तविक बिघाड त्याच्या बराच खाली, तळहातावर असतो. प्रस्तुत लेखिकेला याचा अनुभव आहे. लेखणी धरण्याचा उजवा अंगठा अडकू लागला तेव्हा 'शीर चढली आहे' असे सांगून एका जाणकार म्हणवणाऱ्याने अंगठ्याच्या वरच्या सांध्याला चार महिने मालिश केले आणि शेवटी अंगठा जोराने ओढून 'बसवला'. बसायला काही निखळलेलेच नव्हते. परिणाम इतकाच झाला, की आधी फक्त सकाळी अडकणारा अंगठा दिवसभर अडकू लागला. अडकलेले बोट वारंवार ओढून 'कट्' असा आवाज काढत राहणे हेही असेच अपायकारक आहे. प्रत्येक झटक्यास गाठ कड्यावर घासते.

या रोगाच्या शास्त्रीय नावात शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज, गृहीत धरलेली आहे. परंतु शस्त्रक्रियेत काढलेल्या कड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली असता दाहाच्या खुणा फारशा आढळत नाहीत. त्याऐवजी कड्याच्या आतील थरात कूर्चेसारख्या पेशी निर्माण झालेल्या दिसतात. दाब सोसणाऱ्या भागाने स्वतःला दाब सोसण्यासाठी कठीण करून घ्यावे आणि त्यातच आपली वाट बुजवावी, असा हा प्रकार आहे.

मग हे काम करणाऱ्यांनाच होते काय? असे म्हणण्याचा मोह होतो, कारण ते पटण्यासारखे आहे. परंतु पुरावा इतका सरळ नाही. मूठ आवळून करावयाच्या कामांशी त्याचा संबंध काही पाहण्यांत आढळला आहे, काहींत आढळलेला नाही. कठोर श्रम न करणाऱ्या पुष्कळ व्यक्तींनाही ते होते. स्त्रियांमध्ये ते पुरुषांपेक्षा अधिक आढळते आणि चाळिशी ते साठी या वयात विशेषेकरून दिसते. अनामिका आणि अंगठा यांवर त्याचा रोख अधिक असतो. संधिवाताभ संधिशोथ, अवटू ग्रंथीचा मंदपणा आणि मनगटात मज्जातंतू दबण्याचा विकार यांच्या सोबतीने ते येते. सर्वांत महत्त्वाचा सोबती मधुमेह. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की शरीरातील तंतुमय ऊतके ताठर होतात. त्याचा परिणाम कंडरांवर आणि कड्यांवरही होतो. म्हणून एकाच व्यक्तीची दोन-तीन बोटे अडकू लागली, तर बोटांच्या आधी रक्त तपासावे. तमिळनाडूत २०२१ साली घरोघरी जाऊन मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांना औषधे देण्याची सरकारी योजना सुरू झाली. अशा भेटीत कोणी हाताचीही चौकशी केली, तर ते वाया जाणार नाही.

दुखण्याच्या पायऱ्या क्विनेल यांनी १९८० मध्ये आखल्या, त्या आजही वापरल्या जातात. आरंभी बोट केवळ अडखळत हलते. मग ते अडकते, पण स्वतःच्या बळाने सुटते. पुढे दुसऱ्या हाताची मदत लागते. अखेरीस ते वाकलेलेच राहते आणि दुसऱ्या हातानेही सुटत नाही. चौथ्या अवस्थेस पोचलेल्या बोटाचा मधला सांधा स्वतःच आखडू लागतो, आणि मग कडे मोकळे केले तरी तो पूर्ववत होईलच असे नाही. उशीर करण्याचे खरे मोल येथे द्यावे लागते.

उपचारांकडे वळण्यापूर्वी दोन दुखण्यांची ओळख करून देणे अवश्य आहे. कारण त्यांत वाकलेले बोट दिसते, पण प्रकार निराळा असतो. एकात तळहाताच्या त्वचेखाली दोरीसारख्या गाठी होऊन बोट हळूहळू, वेदनेविना आत ओढले जाते. ते अडकत नाही, सुटतही नाही. द्यूप्युट्रेन या फ्रेंच शल्यवैद्यांच्या नावाने ओळखला जाणारा हा विकार भारतात कमी आढळतो. दुसरा प्रकार मात्र तातडीचा आहे. शेतात काटा किंवा माशाचा कल्ला टोचून कंडरेच्या आवरणात जंतूंचा शिरकाव झाला, तर एक-दोन दिवसांत सबंध बोट सारखे सुजते, किंचित वाकलेले राहते, आवरणाच्या पूर्ण लांबीवर दाबले असता दुखते, आणि कोणी ते हलकेच सरळ करू लागले तरी असह्य कळ येते. ही चार लक्षणे अमेरिकन शल्यवैद्य ॲलन कॅनाव्हेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितली. ती दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. पोटीस बांधून वाट पाहण्यात बोट, आणि मधुमेह असल्यास हातही, गमावण्याचा धोका असतो. अडकणाऱ्या बोटाला ताप येत नाही, ते लाल होत नाही, आणि एका रात्रीत वाढत नाही.

आता उपचार. सौम्य अवस्थेत हाताला काही आठवडे विश्रांती दिली तर काही बोटे आपोआप सुधारतात. परंतु 'विश्रांती घ्या' हा सल्ला देणाऱ्याने तो कोणाला देतो आहोत हे पाहावे. ज्याला काम थांबवता येत नाही, त्याने निदान पकड बदलावी. विळ्याच्या वा खुरप्याच्या बारीक मुठीवर जुन्या कापडाच्या घड्या गुंडाळून ती जाड केली, तर बोटे कमी मिटावी लागतात आणि पहिल्या कड्यावरील दाब कमी होतो. सकाळी कोमट पाण्यात हात धरून सावकाश मूठ उघडमीट केली असता ताठरपणा उतरतो. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे कमी होईल, पण अडकणे सहसा थांबत नाही. जठर व मूत्रपिंड यांचा विचार न करता त्या महिनोन्महिने घेऊ नयेत.

पट्टी बांधणे हा याहून भरवशाचा उपाय आहे. यात बोटाच्या मुळाचा सांधा तेवढा सरळ ठेवावयाचा असतो. टोकाचे सांधे मोकळे राहतात. गाठ कड्यातून ये-जा करीत नाही आणि घासणे थांबते. सहा आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, निदान रात्री, ती बांधावी लागते. सुरुवातीच्या अवस्थेत पुष्कळांना तिचा गुण येतो. दुखणे जुने असेल, तर कमी.

स्टेरॉइडचे अंतःक्षेपण हा आज सर्वाधिक वापरला जाणारा उपाय होय. पहिल्या कड्यापाशी बारीक सुईने औषध सोडले जाते. थोडे दुखते, हे लपवण्यात अर्थ नाही. परिणाम काही दिवसांत, कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतो. एका अंतःक्षेपणाने निम्म्याहून अधिक रुग्णांना आराम पडतो, मात्र काहींत वर्षभरात दुखणे परतते. मग दुसऱ्यांदा टोचता येते. परंतु दोन-तीनदा देऊनही उपयोग न झाल्यास टोचत राहणे शहाणपणाचे नाही, कारण कंडरा दुर्बळ होण्याची शक्यता असते. टोचल्या जागेची त्वचा पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. मधुमेही रुग्णात याचा गुण कमी येतो आणि काही दिवस रक्तातील साखर वाढते. म्हणून त्याने आधी आपला आजार डॉक्टरांना सांगावा आणि नंतर आठवडाभर साखर तपासत राहावी. प्रस्तुत लेखिकेचा अंगठा एका अंतःक्षेपणाने मोकळा झाला. चार महिन्यांच्या मालिशीनंतर त्याला सतरा दिवस लागले.

एवढ्यानेही भागले नाही, तर शस्त्रक्रिया. नावाने धसका बसतो, पण ही हातावरील सर्वांत लहान शस्त्रक्रियांपैकी एक आहे. तळहातावर केवळ तेवढी जागा बधिर करून सुमारे एक-दीड सेंटिमीटरचा छेद घेतात आणि जाड झालेले पहिले कडे उभे चिरतात. कडे काढून टाकत नाहीत, ते नुसते उघडते; त्यामुळे वाट रुंद होते. रुग्ण जागा असतो. शल्यवैद्य त्याला टेबलावरच बोट मिटून उघडण्यास सांगतात आणि अडकणे थांबले याची दोघांनाही तेथेच खात्री पटते. कौशल्य आहे ते कोठे थांबावे यात. पुढचे दुसरे कडे चिरले गेले, तर मघाशी सांगितलेली धनुष्याच्या दोरीची अवस्था होते. अंगठ्यात स्पर्शज्ञानाचा मज्जातंतू छेदाच्या अगदी निकटून जातो, म्हणून तेथे विशेष जपावे लागते. छेद न घेता जाड सुईच्या टोकाने कडे कापण्याची रीत लॉर्थिओर यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. ती झटपट होते, परंतु अंगठ्याच्या बाबतीत याच मज्जातंतूमुळे कित्येक शल्यवैद्य तिचा अवलंब टाळतात. संधिवाताभ संधिशोथाच्या रुग्णात तर कडे चिरणेच शक्यतो टाळतात, कारण त्याची बोटे आधीच एका बाजूस कलू लागलेली असतात. तेथे आवरणातील सुजलेला अस्तर-भाग काढतात. शस्त्रक्रियेने शेकडा नव्वदहून अधिक बोटे कायमची मोकळी होतात.

हाताच्या शस्त्रक्रियेची परंपरा तमिळनाडूत चांगली रुजलेली आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ मध्ये आलेल्या पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने लुळ्या पडलेल्या हातांत एका स्नायूची कंडरा दुसऱ्या कामाला जोडून बोटांना पुन्हा हालचाल दिली. कंडरा किती अंतर सरकते, किती ओढ सोसते, याची मोजमापे त्या कामातूनही झाली. पुढे मद्रासच्या स्टॅन्ली रुग्णालयात हाताच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग उभा राहिला. अडकलेल्या बोटासाठी मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. ते अस्थिरोगतज्ज्ञाचे नित्याचे काम आहे, आणि ओरत्तनाडुच्या रुग्णाला त्यासाठी तंजावरचे वैद्यकीय महाविद्यालय पुरेसे आहे.

लहान मुलांविषयी थोडेसे. एक-दोन वर्षांच्या मुलाचा अंगठा टोकाशी वाकलेला राहतो आणि सरळ होत नाही, असे आईच्या एखाद्या दिवशी ध्यानात येते. पडला असेल, मुरगळला असेल, असे समजून ओढाओढ केली जाते. पूर्वी हा दोष जन्मजात मानत. परंतु नवजात बालकांची तपासणी केली असता तो आढळत नाही, म्हणून तो नंतर उद्भवतो असे आता मानले जाते. यांतील बरेच अंगठे काही वर्षांत आपोआप सुटतात. घाई करू नये. न सुटल्यास लहानशी शस्त्रक्रिया करता येते, तीही मोठेपणी नव्हे, तर बालपणीच.

राहता राहिला शस्त्रक्रियेनंतरचा काळ. बोट त्याच दिवसापासून हलवावयाचे असते. जपण्याच्या भावनेने ते स्थिर ठेवले तर ते आखडते. टाके दहा ते चौदा दिवसांनी निघतात आणि तोवर जखम कोरडी राहिली पाहिजे. म्हणजे चिखलात हात घालणे नाही, शेणात हात घालणे नाही, भांडी घासणेही नाही. खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने हाच या उपचाराचा सर्वांत कठीण भाग आहे, आणि तो कोणत्याही शल्यवैद्याच्या हाती नाही. कावेरीच्या पाण्यावर कुरुवै, सांबा आणि ताळडी असे भाताचे हंगाम एकामागून एक येतात. बोट पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत असेल, तर लावणी आटोपेपर्यंत पट्टी बांधून किंवा टोचून वेळ काढता येतो आणि शस्त्रक्रिया लावणीनंतरच्या सवडीच्या आठवड्यांत ठरवता येते. तिसऱ्या अवस्थेपुढे मात्र इतके थांबू नये. तळहातावरील व्रण महिना-दोन महिने दाबला असता दुखतो. विळा पुन्हा घट्ट धरता येण्यास साधारण तितकाच काळ लागतो, आणि मुठीवर गुंडाळलेले कापड तेव्हाही काढू नये.